चाळीसवरचा काटा

उपनिरीक्षक अश्लेषा राऊत पोहोचल्या तेव्हा निर्मळहून आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर मोगऱ्याच्या कळ्या विखुरल्या होत्या. फुले घेऊन बाजाराला निघालेल्या मथुराबाईंना मोटारसायकलने धडक दिली होती. त्यांना बेशुद्धावस्थेत रुग्णालयात नेले होते. चालक पळाला नव्हता. तो कळ्या टोपलीत भरत होता.

तो मितेश, निर्मळचे बागायतदार आत्माराम चौधरी यांचा एकुलता मुलगा. वाडीतली केळी रोज बाजारात पोहोचवणे हे त्याचे काम.

"वेग किती होता?"

"चाळीस, मॅडम. काटा चाळीसवरच होता. बाबांना देवळात शब्द दिलाय. त्याच्या वर मी नेतच नाही."

वळणावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याने मात्र वेगळी साक्ष दिली. दोन खांबांमधले अंतर मोजून हिशोब केला, तेव्हा वेग पन्नासच्या वर निघाला. सायंकाळपर्यंत गावाने मितेशला खोटारडा ठरवले. रुग्णालयाच्या दारात, मितेशच्या वडिलांसमोरच, मथुराबाईंची मुलगी सलोनी शांतपणे म्हणाली, "आई शुद्धीवर आली तर तिला काय सांगू? काटा चाळीसवर होता म्हणून?"

त्या प्रश्नाने अश्लेषाबाई अस्वस्थ झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच गाडी शिपायाकडून मोकळ्या रस्त्यावर चालवून घेतली. मोबाईलमधल्या उपग्रहाच्या मापाने त्रेपन्न दाखवले, तेव्हा मीटरचा काटा चाळीसवर होता.

मितेश खरे बोलत होता. खोटे बोलत होता तो मीटर. पण हे असे उलटे का? गाडीचे मीटर बहुधा खऱ्या वेगापेक्षा किंचित अधिकच दाखवतात. चालकाची चूक झालीच, तर ती सावकाशीच्या बाजूने व्हावी, ही त्यामागची योजना. हा मीटर कमी दाखवत होता.

गाडीची देखभाल आगाशीचा फेबियन करी. गावाचे बोट आता त्याच्याकडे वळले. काहींनी त्याचे गॅरेज बंद पाडण्याची भाषा केली.

फेबियनने सर्वांसमक्ष गाडी तपासली. "टायर मूळ मापाचंच आहे, मॅडम. झिजलेल्या टायरनं काटा जास्त दाखवतो, कमी नाही." मग त्याने पुढच्या चाकाच्या आसावरची दातेरी डबी काढली. चाकाचे फेरे मीटरच्या केबलपर्यंत पोहोचवते ती ही डबी. "ही मूळची नाही, मी बसवलेलीही नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला.

त्यावर विश्वास कोण ठेवणार?

"गाडीत काही बदल जाणवला होता?" अश्लेषाबाईंनी मितेशला विचारले.

"ॲव्हरेज पडलंय. पेट्रोल तेवढंच, पण मीटरवर किलोमीटर कमी भरतात. आणि हल्ली बाजारात लवकर पोचतो. म्हटलं, रस्ता सुधारला असेल."

"आपल्याकडचा रस्ता आणि सुधारला," फेबियन पुटपुटला.

त्यानंतर अश्लेषाबाई चौधरींच्या वाडीत गेल्या. आत्मारामांनी त्यांना आदराने ओसरीवर बसवले. त्यांच्या मुद्रेवर चिंता होती, पण शंका नव्हती.

"माझा पोरगा चाळीसनं नव्हताच, बाई. तिसाच्याही आत असणार. कॅमेरा चुकतोय."

अश्लेषाबाईंची दृष्टी मागच्या छपराकडे गेली होती. तिथे विहिरीवरच्या जुन्या रहाटाचे दातेरी चाक टेकून ठेवले होते. आत्मारामांनी ते तारुण्यात स्वतः दुरुस्त केले होते, हे साऱ्या गावाला माहीत होते. त्याच्या शेजारी मितेशच्याच गाडीच्या बनावटीची, पण लहान चाकांची जुनी दुचाकी उभी होती. तिची मीटरची केबल मोकळी लोंबत होती. आसावर डबी नव्हती.

त्यांनी मितेश आणि फेबियन यांना तिथेच बोलावून घेतले.

"काटा रस्ता मोजत नाही," त्या म्हणाल्या, "तो चाकाचे फेरे मोजतो. लहान चाक तेवढ्याच रस्त्यात जास्त फेरे घेतं. म्हणून त्याच्या डबीचे दाते फेरे कमी करूनच पुढे पाठवतात. ती डबी कोणीतरी मोठ्या चाकाला लावली. मोठ्या चाकाचे फेरे मुळातच थोडे. ते आणखी घटले. काटा मागे राहिला, गाडी पुढे गेली."

"कोणी लावली?" मितेशने विचारले.

"मीटर बिघडला असेल, एवढंच बाकीच्यांच्या मनात आलं. वेग काट्यापेक्षा कमीच असणार, असं छातीठोक एकच माणूस म्हणाला. काट्यात फेरफार झालाय हे त्याला ठाऊक होतं. फक्त तो कुठल्या बाजूला झालाय, ते उलट ठाऊक होतं."

आत्माराम खाली बसले.

"लहान चाक भरभर फिरतं," ते म्हणाले. "त्याची डबी लावली की काटा पुढे पळेल, पोरगा आणखी हळू नेईल, असं धरून चाललो. रहाटावर उभा जन्म गेला माझा. वाटलं, दात्यांचं मला कळतं."

"त्यानं शब्द दिला होता ना?"

"तरुण पोर, बाई. शब्दावर किती दिवस भरवसा ठेवायचा?"

मूळ डबी त्यांनी देव्हाऱ्यामागून काढून दिली. फेबियनने ती बसवली. पुन्हा चाचणी झाली, तेव्हा काट्याने त्रेचाळीस दाखवले आणि मोबाईलने चाळीस.

"तुम्हाला हवं होतं ते गाडीत आधीपासूनच होतं, काका," अश्लेषाबाई म्हणाल्या.

मितेश वडिलांकडे बघत नव्हता. "मी चाळीसच्या वर कधी नेलीच नव्हती, बाबा," तो म्हणाला.

आत्मारामांनी जबाबाखाली सावकाश सही केली. फेबियनसमोर हात जोडले. मग ते पोलिसांच्या गाडीत चढण्यासाठी उठले, आणि पायरीवर थांबले.

"गाडी रुग्णालयावरून घ्या, बाई. सलोनीनं विचारलं होतं ना, आईला काय सांगू म्हणून. ते तिला मी सांगतो."