लिव्हरवरचा हात

तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मला काही फरक पडत नाही. ज्या दोघींच्या बाबतीत हे घडलं त्या दोघी आजही ठणठणीत आहेत, एकाच टेबलावर जेवतात, आणि दोघींचं सांगणं शब्दाला शब्द जुळतं.

एक माझी आई. दुसरी माझी आत्या.

आणि आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे.

तीन वाजून दहा मिनिटांची.

आत्याचं स्वतःचं गॅरेज आहे. ती फक्त ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स उघडते, बाकी कुठल्या कामाला हात लावत नाही. लोक तिला गिअरवाली म्हणतात. नाकावर माशी बसू देत नाही. कुणी गिऱ्हाईक म्हणालं की बाई माणसाला हे जमेल का, तर ती त्याची किल्ली त्याच्या हातात ठेवते आणि पुढच्या गाडीकडे वळते.

माझे बाबा तिचे थोरले भाऊ. स्वभावाने इतके संथ, की मित्रांनी त्यांचं नावच ‘निवांत’ ठेवलं होतं. गाडीही त्यांच्यासारखीच. ॲक्सिलरेटर दाबला की ती आधी विचार करायची, मग निघायची. बाबा आत्याच्या मागे लागले होते, हिचा पिकअप तेवढा वाढवून दे. आत्या हसायची. तू जिना उतरेपर्यंत संध्याकाळ होते, तुला कशाला हवाय वेग? तिने गिअरबॉक्स उघडला, नव्या क्लच प्लेटा घातल्या, सगळं ठाकठीक करून दिलं. पिकअपचं काम मात्र पुढे ढकललं. पुढच्या महिन्यात बघू म्हणाली.

पुढचा महिना बाबांच्या वाट्याला आलाच नाही.

बाबांना एक खोड होती. गाडी थांबली रे थांबली, की ते लिव्हर पुढे ढकलून न्यूट्रलला टाकायचे. सिग्नलला, फाटकापाशी, कुठेही. म्हणायचे, बिचारीला जरा दम खाऊ दे. आत्याने शंभरदा सांगितलं असेल, की या गाडीला असला दम लागत नाही, ‘डी’मध्येच, म्हणजे चालत्या गिअरमध्येच राहू दे आणि ब्रेकवर पाय ठेव. बाबा मान डोलवायचे.

आणि पुढच्या थांब्याला पुन्हा... टक्.

आमच्या वस्तीतला रस्ता उतरत उतरत येतो आणि मोठ्या रस्त्याला मिळतो. त्या उताराच्या टोकाशी थांबावं लागतं. दोन्हीकडे बघायचं, मग झपकन रस्ता ओलांडायचा. एका दुपारी बाबा तिथे थांबले. समोरच्या पेट्रोल पंपावरच्या माणसाने सगळं पाहिलं. तो म्हणाला, गाडी उतारावरून हळूहळू रस्त्यात आली. इंजिन ओरडत होतं, नुसतं ओरडत होतं, पण गाडी काही पुढे जाईना. मग ट्रक आला.

तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

इंजिन ओरडतंय आणि गाडी हलत नाही, म्हणजे गिअरबॉक्स घसरला. एवढं सगळ्यांना कळतं. आणि तो गिअरबॉक्स कोणी उघडला होता, तेही सगळ्यांना ठाऊक होतं.

आईने आत्याला फक्त एकदा विचारलं. “तुझ्याच हातचं काम होतं ना ते?”

त्यानंतर तिने आत्याशी धड बोलणं टाकलं.

आत्याने ती चेपलेली गाडी गॅरेजमध्ये ओढून आणली. दार लावून गिअरबॉक्स सोडवला. प्लेटा कोऱ्या होत्या. घसरल्याची खूण नाही, जळल्याचा डाग नाही. याचा अर्थ एकच होत होता, की त्या क्षणी गाडी न्यूट्रलमध्ये होती. आत्याने प्लेटा उचलल्या आणि थेट आमचं घर गाठलं. आईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“म्हणजे ते स्वतःच्या हाताने मेले, असं म्हणायचंय तुला?”

हो म्हणावं तर मेलेल्या भावावर खापर. नाही म्हणावं तर स्वतःच्या हातावर. ती आल्या पावली परत गेली.

तिलाही रात्र रात्र झोप लागायची नाही. आपली नजर चुकली तर नसेल? एखादा स्क्रू ढिला राहिला तर नसेल? पण हे ती कुणाला बोलली नाही. उलट हट्टाला पेटली. सगळे म्हणत होते गाडी भंगारात घाल. ती म्हणाली, घालणार नाही. दादाने जे काम सांगितलं होतं तेच आता करणार, आणि याच गाडीने तोच रस्ता ओलांडून दाखवणार.

वर्षभर ती गिऱ्हाइकांचं काम संपवून त्या गाडीला भिडायची. पत्रा सरळ करून घेतला. जुना टॉर्क कन्व्हर्टर काढून दुसरा बसवला, इंजिनाला आधी ताकद घेऊ देणारा. गिअर चटकन आणि ठाम पडावेत म्हणून आतल्या स्प्रिंगा बदलल्या. जाड प्लेटा घातल्या. तेल तापू नये म्हणून पुढे मोठा कूलर लावला. शेवटी कॉम्प्युटर जोडला.

ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्याची सवय शिकते. कोण कसा पाय दाबतो, ते लक्षात ठेवते आणि तसे गिअर टाकते. काम झालं की ही आठवण पुसावी लागते. आत्याने बाबांची आठवण पुसली. ते बटण दाबताना ती रडली, हे तिने स्वतः मला सांगितलं.

मग ती कोपऱ्यातल्या नळावर हात धुवायला गेली. शटर अर्धं खाली होतं. आत ती एकटीच.

आणि मागची भिंत... लाल झाली.

तिने वळून पाहिलं. गाडीचे ब्रेक लाइट लागले होते.

ते पाय दाबल्याशिवाय लागत नाहीत.

सीटवर कोणी नव्हतं.

मग आतून आवाज आला.

टक्... टक्.

पार्किंगच्या ‘पी’वरून रिव्हर्सचा ‘आर’. ‘आर’वरून न्यूट्रल.

ती गाडीपाशी गेली. लिव्हर न्यूट्रलमध्ये होता. किल्ली तिच्या खिशात होती. किल्ली फिरवल्याशिवाय आणि ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर ‘पी’मधून सुटतच नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिने वायरिंगला दोष दिला. दुसऱ्या दिवशी वायर न् वायर तपासली. तीन वाजून दहा मिनिटांनी भिंत पुन्हा लाल झाली.

तिसऱ्या दिवशी तिने बॅटरीच काढली. दोन्ही हातांनी उचलून बाहेर, शटरपाशी ठेवली. स्वतः गाडीसमोर खुर्ची टाकून बसली. बाहेर शेजारच्या दुकानातला रेडिओ चालू होता.

तीन दहाला रेडिओ ऐकू येईनासा झाला. बंद झाला म्हणावं, तर दुकानदार नंतर म्हणाला की तो चालूच होता.

भिंत लाल झाली.

टक्... टक्.

दुसरं कोणी असतं तर पळून गेलं असतं. आत्या भ्यायली होती, हे ती कबूल करते. पण त्याहून जास्त तिला राग आला होता. ती उठली, दार उघडलं, आणि रिकाम्या सीटला म्हणाली, “दादा, मेलास तरी खोड गेली नाही तुझी?”

तिने लिव्हर पुढे ढकलून ‘पी’मध्ये टाकला. भिंतीवरचा लाल उजेड विझला.

त्याच संध्याकाळी ती आमच्या दारात उभी राहिली. घरात शिरली नाही. म्हणाली, वहिनी, उद्या दुपारी माझ्याबरोबर गाडीत बस. माझं काम खोटं निघालं तर मी गॅरेजला कुलूप लावीन आणि पुन्हा पाना हातात धरणार नाही. आईने दार लावून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी पावणेतीनला ती गॅरेजवर हजर झाली. कुलूप लावलेलं बघायलाच मी गेले होते, असं ती आता सांगते.

गाडी निघाली. आत्याने पाय दाबला, तशी आईची पाठ सीटला टेकली. ही त्यांची गाडी वाटतच नाही, आईच्या मनात आलं. पाचसहा ठिकाणी थांबल्या. लिव्हर ‘डी’मध्येच राहिला.

मग उतार आला.

आत्या टोकाशी थांबली. ब्रेकवर पाय. दोन्ही हात स्टिअरिंगवर. डावीकडे रस्ता मोकळा. उजवीकडे वळणापर्यंत मोकळा. पंपावरचा माणूस त्यांच्याकडे बघत उभा होता.

तीन वाजून नऊ मिनिटं.

दोघी वाट बघत बसल्या.

टक्.

आईने खाली पाहिलं. लिव्हर न्यूट्रलमध्ये होता.

“माझे हात बघ, वहिनी,” आत्या म्हणाली.

आईने पाहिले. दोन्ही स्टिअरिंगवर होते. घट्ट. चूक आत्याच्या कामात नव्हती, बाबांच्या खोडीत होती, हे तिला समजलं. ती म्हणते, खरं तर तिथेच सगळं संपायला हवं होतं.

पण गाडी... हलली.

आत्याचा पाय ब्रेकवरच होता. तिने पूर्ण जोर लावला. पायाखाली पेडल होतं, आणि तरी गाडी उतारावरून हळूहळू रस्त्यात चालली होती. आणि वळणावरून ट्रक बाहेर आला.

आत्याने लिव्हर धरला. हलेना. तिने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं. नुसतं ओरडलं. पंपावरचा माणूस हात हलवत धावत येत होता, त्याचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता.

“दादा, हात काढ.”

लिव्हर जागचा हलला नाही.

तेव्हा आईने आपला हात आत्याच्या हातावर ठेवला. आणि तिला कळलं, की आत्याच्या हाताखाली आणखी एक हात आहे. मोठा. ओळखीचा. थंडगार वगैरे काही नाही, तिने मला बजावून सांगितलं.

ऊबदार होता.

“अहो,” ती म्हणाली, “सोडा.”

ट्रकचा हॉर्न आता ऐकू येत होता.

पुढे काय झालं ते दोघींना नीट सांगता येत नाही. दोघींनी मिळून हिसका दिला. टक्. इंजिन किंचाळत असताना लिव्हर ‘डी’मध्ये पडला. अशा झटक्याने साध्या गिअरबॉक्सच्या चिंध्या झाल्या असत्या. आत्याच्या प्लेटांनी तो झटका पेलला. गाडीने उडी घेतली आणि पंपाच्या आवारात जाऊन थांबली. मागून ट्रक गेला. त्याच्या वाऱ्याने गाडी डुलली.



“तुझं काम चोख आहे,” आई म्हणाली. वर्षभरानंतर तिच्याशी धड बोललेलं हे पहिलं वाक्य. आत्या स्टिअरिंगवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली, आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आत्याने नंतर ब्रेक खोलून पाहिले. त्यांत काहीही बिघाड नव्हता. गॅरेजची भिंतही पुन्हा लाल झाली नाही. आत्याच्या मते सरळ आहे. आपल्या चुकीपायी बहिणीचं नाव खराब झालं, ते दादाला बघवलं नाही. कबुली द्यायला आला होता, देऊन गेला. ती हे इतक्या समाधानाने सांगते, की मध्ये बोलवत नाही.

आई ते ऐकते आणि ताटं उचलायला लागते.

एकदा आत्या घरी नसताना मी तिला सरळ विचारलं. बाबा कबुली द्यायलाच आले होते ना?



“मी सोडा म्हटलं,” ती म्हणाली. “त्यांनी सोडलं नाही. उलट जास्त घट्ट धरलं. आम्ही ओढून घेतलं त्यांच्या हातातून.”

मग माझ्याकडे बघून म्हणाली, “न्यायचंच होतं मला, तर आधी विचारायचं होतं. माझी पोर, तू, परगावी शिकत होतीस. मी नाही गेले.”

आता ती गाडी मी चालवते. आईनेच किल्ली दिली. गाडी विकायची नाही आणि रस्ताही बदलायचा नाही, त्यांना भिऊन जगायचं नाही, असं तिने बजावलंय. रोज दुपारी मी त्या उतारावरून जाते. गाडी जबरदस्त पळते. लिव्हर आजवर कधी आपण होऊन हलला नाही.

पण तिथे थांबलं, की तो जरा ऊबदार लागतो. उन्हामुळे असेल.

मी त्यावर हात ठेवूनच बसते. घट्ट.