घुंगरू गल्लीतली चुगली

"माझी चुगली कुणी केली, तेवढं शोधून द्या, पावणं."

झुंबरआक्का खुर्चीवर बसायच्या आधीच बोलली. खासगी गुप्तहेर प्रसेनजीत कांबळे याने तिला पाणी दिलं. त्याचा मदतनीस राजवीर हा शिवाजी पेठेतल्या एका फुटबॉल संघाचा गोलकीपर. अंगानं दांडगा, डोक्यानं सावकाश.

घुंगरू गल्ली ही कोल्हापुरातली जुनी बाजारपेठ. मॉल आणि मोबाईलनं तिचं गिऱ्हाईक पळवलं, तेव्हा कुठं वरच्यांना तिचा पुळका आला. नवसंजीवनी योजना निघाली. नव्या फरश्या, एकसारख्या पाट्या, बसायला बाकडी. रोगी मेला तरी चालेल, चादर तेवढी नवी पाहिजे!

"माझं बटण-दोऱ्याचं खोकं," आक्का म्हणाली. "परवाना हाय. मालक दवाखान्यात, म्हणून चार म्हैनं मी तिकडंच. मालक गेलं. रक्षाविसर्जन उरकून आलो, तर खोकं न्हाय! मोकळी जागा. अतिक्रमण केलं म्हणं. एक इंच सरकवलं न्हवतं ओ!"

"कोणी सांगितलं त्यांना?"

"तेच तर! योजनेचा सायब म्हणतो, कुणी खोटी तक्रार केली असं दाखवा, कलम लावून जागा परत देतो. माझ्याकडं दुसरं काय ऱ्हायलंय आता?"

राजवीरनं उगीचच खिडकीबाहेर पाहिलं.

गल्लीत आक्काच्या जागेवर चकचकीत बाकडं बसवलेलं होतं. त्यावर कोणीही बसलेलं नव्हतं.

बाकड्याच्या एका बाजूला यशराजचं कॅफे. "हाच!" राजवीर कुजबुजला. "फुकटात बैठक मिळाली गड्याला."

"बैठक?" यशराज कडवट हसला. "आक्कांकडं बायका अस्तर घ्यायला यायच्या, जाताना माझ्याकडं कॉफी प्यायच्या. आता कोण येतंय? पुढच्या महिन्यात मीच जागा सोडतोय."

"नोटीस लागली होती ना खोक्यावर?" प्रसेनजीतनं विचारलं.

"लागलेली असंल. सगळ्यांच्याच दारावर योजनेची रंगीत कागदं होती. वाचतंय कोण?"

दुसऱ्या बाजूला म्हातारा केरबा, बैलांचे गोंडे आणि घुंगरू विकणारा. आक्काचा तीस-पस्तीस वर्षांचा शेजार. पण ती हल्ली त्याच्या दुकानावरून मान फिरवून जाई, कारण योजनेची सर्व्हेवाली पोरगी त्याच्याशी बोलत होती हे तिच्या कानावर आलं होतं.

"बोललो की," केरबा म्हणाला. "पर तिच्या वाईटाचं एक अक्षर न्हाय. आईची आण."

"तेव्हा आक्कांचं दुकान बंद होतं?" राजवीरनं विचारलं.

"हं हं, पावणं!" केरबानं कानाची पाळी धरली. "धंद्याच्या जागी बसून असलं वंगाळ बोलू नये."

प्रसेनजीत त्याच्याकडं बघतच राहिला.

सर्व्हे करणारी सोनम योजनेच्या कचेरीत भेटली. बाहेरच्या कंपनीची पोरगी, बंगळुरात वाढलेली. मराठी तिनं या नोकरीसाठी पुस्तकातून शिकलेलं, आणि बोलायचीही चांगलं.

"मी मनानं काही लिहिलं नाही," ती म्हणाली. "खोक्याला फळ्या लावलेल्या होत्या. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, की दोन महिन्यांपूर्वी आक्कांनी दुकान मोठं केलं."

"मापं घेतली?"

"दुकानात कोणी नव्हतं. आणि शेजारीच सांगतोय म्हटल्यावर..."

बाहेर आल्यावर राजवीर म्हणाला, "मिटलं. केरबा खोटं बोलतोय. न्हायतर ही पोरगी."

"दोघंही खरं बोलतायत," प्रसेनजीत म्हणाला. "तीच तर पंचाईत आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं सगळ्यांना त्या बाकड्यापाशी बोलावलं. आक्का केरबाकडं पाठ करून उभी राहिली.

"केरबामामा, या बाईंना त्या दिवशी काय सांगितलंत? अगदी त्याच शब्दांत सांगा."

"काय त्यात? त्यांनी इचारलं, हे दुकान कसं? म्या म्हटलं, आक्कानं दुकान वाढवलंय. दोन म्हैनं झालं."

"बघा!" सोनम म्हणाली. "वाढवलंय. म्हणजे मोठं केलं, ना?"



"पुस्तकात तसंच आहे," प्रसेनजीत हळूच म्हणाला. "पण आमच्याकडं दुकानाला 'बंद' म्हणत नाहीत, अशुभ वाटतं. दुकान 'वाढवतात'. काल राजवीरनं 'बंद' म्हटल्याबरोबर मामांनी कान धरला. जो माणूस तो शब्द कानानं ऐकत नाही, तो तोंडानं कसा उच्चारेल? यशराजला फायदा नव्हता, मामांना वैर नव्हतं आणि या बाईंनी ऐकलं तेच लिहिलं. चुगली कोणीच केली नाही, आक्का."

"पण मामा, परक्या माणसाशी बोलताना तरी साधं बंद म्हणायचं!" राजवीर न राहवून म्हणाला.

"आक्काचा बाबासो तकडं दवाखान्यात मरणाशी झुंजत हुता," केरबा म्हणाला. "तवा त्याच्या दुकानाला बंद कसं म्हणू? जीभच रेटंना."

सोनमनं तिथूनच साहेबांना फोन लावला, चूक आपली म्हणून सांगितलं, विनवण्या केल्या. मग फोन खाली घेतला.

"साहेब म्हणतात, खोट्या तक्रारीला कलम आहे. गैरसमजाला नाही. काम पूर्ण झाल्याचा दाखला गेलाय. पुढच्या टप्प्यात बघू म्हणतात."

पुढचा टप्पा म्हणजे काय, हे गल्लीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. प्रसेनजीतनं गुन्हा उलगडला होता आणि त्याचा कोणाला कवडीचा उपयोग नव्हता. त्याला स्वतःच्या हुशारीची लाज वाटली.

आक्का वळली.

"कुणी वैरी निघाला असता तर बरं झालं असतं, पावणं," ती म्हणाली. "त्याच्या दारात जाऊन तोंडभर शिव्या तरी घातल्या असत्या."

केरबा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. डोक्यावरची टोपी त्यानं काढून हातात धरली.

"मला घाल की, आक्का. जितक्या येत्यात तितक्या घाल."

आक्कानं तोंड उघडलं. पण तिला एकही शिवी आठवेना.