तीनदा बंद केलेला गजर

चष्म्याच्या दुकानात मी भांडायलाच शिरले होते. जुना हरवलेला, आणि महिना झाला तरी नवा चष्मा तयार नाही म्हणजे काय? काउंटरमागच्या तरुणानं माझं सगळं ऐकून घेतलं, खणातून एक डबी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"तयार होऊन तीन आठवडे झाले. चार फोन केले तुम्हाला. चारही वेळा तुम्ही म्हणालात, आत्ता निघते."

"मग पाचवा करायचा होता."

"केला असता... पण मला तुमचा आवाज आवडतो, हे दुकानात सगळ्यांना कळलं असतं."

त्याचे कान लाल झाले होते. आता हा राग कुठे ठेवायचा, मला कळेना. "आणि तो हरवलेला जुना चष्मा," तो हळूच म्हणाला, "डोक्यावर आहे."

काखेत कळसा नि गावाला वळसा — हे आईचं माझ्यासाठी राखून ठेवलेलं वाक्य. त्यानं ते म्हटलं नाही, एवढ्यावरच मी त्याच्याबरोबर कॉफी प्यायला गेले.

चार महिने छान गेले. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींची छोटी मॉडेल्स बनवते. तो दुकान बंद करून यायचा आणि माझ्या बोटांवरचा वाळलेला गोंद नखानं सोलत बसायचा. त्यानं माझं नाव ठेवलं होतं ‘वादळ’. ऐकायला गोड वाटतं, नाही? करपलेली भांडी, अर्धवट सोडलेले तीन कोर्स आणि गेलेल्या दोन नोकऱ्या गोड नसतात. ते मी त्याला सांगितलंच नव्हतं. वर्षापूर्वी, तिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी सांगितलं होतं — एडीएचडी, लक्ष ताब्यात न राहण्याचा त्रास, लहानपणापासूनचा. म्हणजे आळशी, बेफिकीर, ‘लक्ष दिलंस तर जमतं की’ हे जे शाळेपासून ऐकलं, ते आता कुणाला परत करायचं? आई म्हणाली, "हल्ली कशालाही नाव देतात." गोळ्यांनी फरक पडतो, पण गोळी घ्यायची आठवण काही गोळी करून देत नाही. मला राग येतो या सगळ्याचा. रोज येतो, आणि सकाळी किल्ल्या शोधताना सगळ्यात जास्त.

मग त्याच्या बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्याच दिवशी दुकानात काचा घासायचं मशीन दुरुस्त करायला माणूस येणार होता.

"बाबांना बाराला सोडतील. तू आणशील घरी?"

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं होतं. मी तीन गजर लावले. अकरा, सव्वाअकरा, साडेअकरा.

तिन्ही वाजले आणि तिन्ही मी बंद केले. एका जिन्याचा कठडा चिकटवत होते, काडीपेटीतल्या काडीहून बारीक, आणि दरवेळी मनाशी म्हणत होते — एवढा एक लावते नि निघते. मान वर केली तेव्हा दोन वाजून गेले होते. फोन सायलेंटवर होता. सतरा मिस्ड कॉल.

हॉस्पिटलच्या बाकावर त्याचे बाबा नव्हते. नर्सनं सांगितलं, दोन तास दाराकडे बघत बसले होते, डोळ्यावर पट्टी. शेवटी तिनंच त्यांना टॅक्सीत बसवून दिलं.

मी त्यांच्या घरी धावले. दार त्यानंच उघडलं. मशीनवाल्याला तसाच टाकून आला होता. चेहरा पांढराफटक, आवाज मात्र अगदी समजूतदार.

"बाबांना सांगितलंय, तुला अचानक मीटिंग लागली. तू फक्त हो म्हण."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मीटिंग नव्हती."

"दिसतंय. बोटांना ताजा गोंद आहे."

"मग खोटं का बोललास?"

"तुला कुणी काही बोलू नये म्हणून."

"जन्मभर मी हेच करत आलेय. ट्रॅफिक होता, बॅटरी संपली, पोट बिघडलं. आता माझ्या वतीनं तूही सुरू होणार? मला एडीएचडी आहे. वर्षभर मला माहीत आहे आणि मी तुला सांगितलं नाही, कारण... तुझं ‘वादळ’ म्हणवून घेणं बरं वाटत होतं."

त्याला बाजूला सारून मी आत गेले. त्याचे बाबा खुर्चीत बसले होते.

"काका, मीटिंग नव्हती. मी काम करत बसले. तीन गजर बंद केले. मला लक्ष ताब्यात न राहण्याचा त्रास आहे, त्यावर औषध चालू आहे. पण तुम्ही दोन तास बसलात, ते औषधानं भरून येत नाही."

पट्टी नसलेल्या डोळ्यानं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मला भीती वाटली," ते म्हणाले. "समोरचं धड दिसत नव्हतं. फार राग आलाय तुझा."

"यायलाच हवा."

"आज जा. परवा ये."

मी जिना उतरायला लागले तसा तो मागून आला. मी वळले नाही.

"सोडायचं असेल तर आत्ता सांग. आणि त्या समजूतदार आवाजात नको."

"चिडलोय मी," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "इतका चिडलोय की शब्द सुचत नाहीयेत. बाबांना परत कधी तुझ्या भरवशावर ठेवणार नाही."

ते लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

"नको ठेवूस. मी पुन्हा काहीतरी विसरेन. काय ते आत्ता सांगता येत नाही. पण थापा मारणार नाही."

"मीही नाही मारणार." तो धप्पकन पायरीवर बसला आणि थोडा सरकला. "बस इथं. माझं भांडण अजून सुरूसुद्धा झालेलं नाही."

मी बसले.

"मला तू आवडतोस," मी चिडूनच म्हणाले. "फार."

"त्याचं उत्तर शेवटी देतो," तो म्हणाला, आणि माझा हात घट्ट धरून त्यानं पहिल्यापासून भांडायला सुरुवात केली.