तिच्या आवडीचा क्रम

चूक माझीच होती, पण ती त्याच्यामुळे झाली. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

मामाच्या फोटो स्टुडिओत मी जुन्या स्लाइड्स साफ करून कॉम्प्युटरवर उतरवायचं काम करायचे. पुठ्ठ्याची एवढीशी चौकट आणि तिच्या मधोमध अख्खा समुद्रकिनारा! कामाचा पहिला नियम असा, की ट्रेमधून स्लाइड काढण्याआधी पेन्सिलने चौकटीवर नंबर घालायचा. ब्रश, फुंकणी वगैरे सगळं त्यानंतर. मामा हे दिवसातून तीनदा ऐकवायचा.

एका दुपारी पलीकडच्या गल्लीतला चष्मेवाला स्लाइड्सच्या ट्रेचा खोका घेऊन आला. दोन वर्षं मी त्याच्या दुकानाची पाटी बघत होते, माणूस पहिल्यांदाच बघत होते. खोका टेबलावर ठेवला तरी त्याची नजर काही माझ्या चेहऱ्यावरून हटेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"चष्मा तिरका बसलाय तुमचा. उजवीकडे."

"असू दे. मला तसाच आवडतो."

"धंद्याची खोड आहे हो. आधी फ्रेम दिसते, माणूस नंतर."

"मग... दिसलं का माणूस?" हे माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे.

"आत्ताच दिसलं," तो म्हणाला, आणि कान लाल करून भिंतीवरचे दर वाचायला लागला.

त्या गडबडीत मी काय करावं? ऐंशीच्या ऐंशी स्लाइड्स ट्रेमधून भराभर काढल्या आणि दिव्याच्या काचेवर पसरून मोकळी झाले. तो गेला, मी गालातल्या गालात हसत पेन्सिल उचलली, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं. एकाही चौकटीवर नंबर नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खुर्चीत बसला.

"आईने लावला होता तो क्रम," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. बाबा जहाजावर इलेक्ट्रिशियन. सात-सात महिने बाहेर, प्रत्येक बंदरात फोटो. घरी आले की भिंतीवर चादर टांगून आईला दाखवायचे. आई कुठेच गेली नव्हती. पण त्या फोटोंतल्या ऐंशी जागा तिने निवडल्या होत्या आणि आपल्या आवडीप्रमाणे एकापुढे एक लावल्या होत्या. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. क्रम कागदावर कुठेच नव्हता, होता तो फक्त बाबांच्या डोक्यात.

"मग बाबांनाच आणा ना," मी म्हटलं. "मी माफी मागते त्यांची."

बाबा आले. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात टेस्टर. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी टेस्टर सुटला नव्हता. माझी माफी त्यांनी हातानेच उडवून लावली. "अगं पोरी, बरंच झालं की! त्या निमित्ताने सगळीकडे पुन्हा जाऊन येतो."

आणि खरंच गेले. रोज संध्याकाळी सहाला दोघे यायचे. बाबा एकेक स्लाइड दिव्यावर धरायचे. "हे मांजरांचं बंदर. हे नाव याच्या आईने ठेवलेलं. इथे एक बोका माझ्या डब्यातला मासा घेऊन पळाला, आणि हिने घरी बसून बोक्याची बाजू घेतली! हा उताराचा रस्ता. उतरताना चपलेचा अंगठा तुटला, अनवाणी जहाज गाठलं. ही म्हणे, माझ्यासाठी तो रस्ता परत एकदा चढून ये. दुसऱ्या खेपेला चढलो की हो!" मग थोडं थांबून, "लाव हिला सतरावी," असं म्हणायचे.

बाबा जगभर हिंडायचे आणि आम्ही दोघं एकाच काचेवर वाकलेले. खालून पांढरा उजेड, बाहेर रिमझिम. एकच स्लाइड उचलायला दोघांची बोटं एकदम जायची, आणि मग दोघांचीही मागे यायची...

एकदा त्याने माझा चष्मा मागितला. "द्या इकडे. आता खरंच बघवत नाही." त्याने खिशातून बारीक पेचकस काढला. तेवढा वेळ मला समोर नुसता धूसर माणूस दिसत होता. मग त्याने स्वतःच चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला, दोन्ही काड्या कानांमागे अलगद सरकवल्या.

"आता कसं दिसतंय?"

"जवळचं जरा जास्तच स्पष्ट," मी म्हटलं. बाबा तोंड फिरवून खोकले.

पाचव्या दिवशी एकूण साठ स्लाइड्स लावून झाल्या. वीस उरल्या, म्हणजे फार तर दोन संध्याकाळी. मग पैसे, पावती, आभार... आणि सहा वाजता दार उघडणार ते कुणा तिसऱ्याच गिऱ्हाइकासाठी. माझा जीव कासावीस झाला. ते दोघे गेल्यावर मी लावलेल्या ट्रेमधल्या पाच स्लाइड्स काढून भलतीकडे घातल्या. मला तेव्हा ती गंमत वाटली होती, लाज नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "अरेच्चा, बोका इथे कसा? काल दुसरा लावला होता ना?" आम्ही हसलो. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच. त्या शोधून परत लावण्यातच संध्याकाळ संपायची, उरलेल्या वीस तशाच राहायच्या. असं सहा दिवस चाललं. गोष्टी हळूहळू कमी झाल्या. बाबा स्लाइड हातात धरून नुसते बघत राहायचे. मी बघत होते, नाही असं नाही. पण सहा वाजता दार वाजलं की मला दुसरं काही सुचायचंच नाही.

सातव्या संध्याकाळी तो एकटाच आला.

"बाबा येणार नाहीत. राहू द्या तो क्रम, जशा असतील तशा उतरवा."

"का? बरं नाही का त्यांना?"

"काल ताटावरून उठले. म्हणाले, तिचं एवढं एक माझ्याकडे होतं, तेही मी विसरायला लागलो. सोमवारी डॉक्टरांकडे नेतोय. डोकं तपासायला."

गप्प राहिले असते तर त्याला कधीच कळलं नसतं. सांगितलं तर तो पुन्हा या दारात पाऊल टाकणार नव्हता, हेही दिसत होतं.

"ते विसरले नाहीत," मी म्हटलं. "मी... मी बदलत होते. रोज. तुम्ही गेल्यावर."

तो माझ्याकडे बघत राहिला. ती नजर मला नको होती.

"मला नका सांगू," तो शेवटी म्हणाला. "चला. त्यांना सांगा."

रस्ताभर तो चार पावलं पुढे चालत होता. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

बाबा गॅलरीत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बाबा एकेक विचारायला लागले.

"बोका?"

"मीच हलवला."

"उताराचा रस्ता?"

"तोही मीच. काका, तुमचं काही चुकलं नव्हतं. एकदाही नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. हिरव्या खिडक्यांची गल्ली. मांजरांचं बंदर. बर्फातला बाक. बाई गाणं म्हणत होती तो पूल... बोटं मोडत, न अडखळता, ऐंशी. शेवटची म्हणून झाली तेव्हा त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "आहे रे! सगळं आहे! जागच्या जागी!"

मीही रडत होते. मुलगा कठड्याला टेकून पाठमोरा उभा होता.

"पण का गं, पोरी?" बाबांनी विचारलं.

आता काय लपवायचं? "काम संपलं असतं, काका. मग हे... हे आले नसते."

"हे म्हणजे कोण?" बाबांनी इतक्या साळसूदपणे विचारलं की मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. "बरं बरं. मी चहा टाकतो," म्हणून ते आत गेले.

आम्ही दोघंच उरलो.

"मला फार राग आलाय," तो वळून म्हणाला.

"यायलाच हवा."

"उद्याही राहील."

"राहू दे."

"परवाचं मात्र... नक्की सांगता येत नाही." त्याने माझ्या चष्म्याकडे पाहिलं, मग चष्म्यातून आत. "परवा सहाला येतो. राग गेला की नाही, ते तिथेच बघू."

"पण तोवर काम तर संपेल," मी म्हटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला.

याला आता एकवीस वर्षं झाली. बाबा गेले. ऐंशी जागांपैकी नऊ आम्ही दोघं मिळून पाहून आलो, तिच्याच क्रमाने. राग पूर्ण गेला का, असं मी अधूनमधून विचारते. तो म्हणतो, थोडा आहे अजून, आणि दुकान बंद करून सहाच्या ठोक्याला घरी येतो.