साठ लिटर

ही घटना खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावी. फुकट अक्कल पाजळणाऱ्यांची मला सवय आहे.

आणि मध्यरात्र, विझणारे दिवे, करकरणारी दारं असलं काही इथे मिळणार नाही. गुरुवार होता. लख्ख ऊन होतं. जे झालं ते दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, माझ्या सख्ख्या मामाच्या डोळ्यांसमोर.

मामाचा धंदा म्हणजे घरगुती स्विमिंग पूलची गळती शोधणं. बावीस वर्षांत त्याने नसलेली गळती कधी कागदावर आणली नव्हती. याचा त्याला भलता माज. गिऱ्हाईक म्हणजे त्याच्या लेखी डोकं गहाण ठेवलेली जमात.

"पाणी कमी झालं की हे लोक आधी शेजाऱ्यावर संशय घेतात," तो म्हणायचा, "मग भुतावर. अगदीच नाइलाज झाला की पाइपवर."

या वेळचं गिऱ्हाईक होतं एक निवृत्त हेडबाई. मुलाने घरामागे हौसेने पूल बांधलेला. पूल कसला, हौदच तो. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद. बाईंची तक्रार एकच. रोज दुपारी पाणी अर्धं बोट उतरतं.

"मिस्त्री, गळती आहे एवढंच लिहून द्या," बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "कागद दाखवला की मुलगा पूल बुजवेल. माझं तोंडी तो ऐकत नाही. शनिवारी नात येतेय हो, सहा वर्षांची. ती या पाण्यात उतरायला नको."

"मी मिस्त्री नाही," मामा म्हणाला. "आणि न तपासता शेरा मारायला हे प्रगतिपुस्तक नाही."

बुधवारी त्याने पंप बंद केला, भरायचा नळ बंद केला आणि पूलच्या पायरीवर पाण्याची बादली ठेवली. बादलीतल्या पाण्याला एक खूण, बाहेरच्या पाण्याला एक. उन्हाने दोन्ही सारखीच आटतात. पूल जास्त उतरला तर गळती. साधी गोष्ट.

गुरुवारी अकराला त्याने पाहिलं. दोन्हीकडे पाणी सारखंच होतं.

"गळती नाही," मामा म्हणाला. "बाई, तुम्हाला चष्म्याची गरज आहे."

"तीनपर्यंत थांबा," बाई एवढंच म्हणाल्या. त्या अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या... पूलकडे पाठ करून, तोंड घराकडे.

मामा थांबला. बाईंची जिरवायची होती म्हणून थांबला.

तीन वाजले.

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. आणि मग...

चुळुक.

एकच आवाज. मामाने वाकून पाहिलं. पूलचं पाणी खुणेच्या खाली गेलं होतं. अर्धं बोट. बादलीतलं जिथल्या तिथे.

पाइप फुटला तरी पाणी तासातासाने उतरतं. हे एका क्षणात उतरलं होतं. मामाने झाकणं उघडली, पाइपमध्ये हवा भरून दाब पाहिला, भिंतीला कान लावला. काही नाही. त्याने पुटपुटत हिशोब केला. तीन गुणिले दोन, एक सेंटिमीटर...

साठ लिटर.

"म्हणजे किती?" बाईंनी विचारलं.

साठ लिटर म्हणजे साठेक किलोचा एक माणूस. आंघोळीच्या टबात आपण उतरलो की पाणी चढतं, बाहेर आलो की उतरतं, हे शाळेतलं पोरही सांगेल.

"ऊन फार आहे. आपण आत बसू या का?" तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

"नको," बाई घरावरची नजर न काढता म्हणाल्या. "तीन ते पावणेपाच मी घरात जात नाही."

पावणेपाचला मागचं दार आपोआप उघडलं नाही. कुणी दिसलं नाही. पावलं वाजली नाहीत.

फक्त पाणी चढलं. बरोब्बर खुणेपर्यंत.

तरीही मामाची खुमखुमी जिरली नव्हती. त्याने पिचकारीत निळा रंग भरला, काठावर पालथा पडला आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. भेग असली की रंग तिच्याकडे ओढला जातो. रंगाचा धागा पाण्यात सरळ लोंबत राहिला. जराही हलला नाही.

मग तो मधोमध तुटला...

दोन्ही टोकं बाजूला सरकली. जणू मधून कुणी गेलं.

आणि मामाच्या मनगटाला काहीतरी लागलं. कोमट.

मामाने तिथेच, ओल्या हाताने, बावीस वर्षांत पहिल्यांदा खोटं लिहिलं. तळाला तडा. दुरुस्ती अशक्य. पूल ताबडतोब रिकामा करून बुजवावा. आईचं एक अक्षर न ऐकणाऱ्या मुलाने कागदावरचा शिक्का पाहिला आणि नंदीबैलासारखी मान डोलावली. शुक्रवारी पाणी उपसलं. शनिवारी सकाळी माती पडली.

शनिवारी पाच वाजता मामाचा फोन वाजला. बाई होत्या. आवाज खूप मोकळा होता.

"तुमचे उपकार झाले हो. तीन वाजून गेले, सगळं शांत. आज मी घरातच होते. नात आलीय, नाचतेय नुसती."

"बरं झालं," मामा म्हणाला.

"एक बारीकसं काम होतं. आत्ता पंधरा मिनिटांपूर्वी गच्चीवरची टाकी एकदम भरून वाहिली. बाहेरून पाणी यायची झडप तर सकाळपासून बंद आहे. मुलगा वर जाऊन बघून आला, म्हणतो पाणी तीन-चार बोटं चढलंय."

मामाने मनात आकडा मांडला. हजार लिटरची टाकी. चार बोटं. मांडायची गरजच नव्हती.

"नात कुठे आहे?" त्याने विचारलं.

"आंघोळीला गेलीय. का हो?"

मामा सांगू शकला असता. तिला बाहेर काढा, घर सोडा, काहीही. बावीस वर्षं जगाला मूर्ख ठरवणारा माझा मामा तेव्हा काय म्हणाला, हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही खाली मान घालून.

"टाक्यांचं काम मी करत नाही," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

पुढे काय झालं ते मला माहीत नाही. त्या नंबरावरून परत फोन आला नाही. मामानेही केला नाही.

नंबर माझ्याकडे आहे. मीही अजून केलेला नाही.