लॉरिमरांच्या चुलीवरचं दूध

विश्वास ठेवा, नका ठेवू. हे घडलंय. ज्या इशबेलसोबत घडलं, ती आजही इन्व्हरनेसला राहते.

वर्षाचा शेवटचा दिवस. स्कॉटलंडच्या उत्तरेला, सदरलँडच्या डोंगरातलं लॉरिमरांचं मोठं घर. दुपारचे तीन वाजले नव्हते, तोच अंधारून आलं होतं.

शेकोटीभोवती पाहुणे जमले होते. इशबेलचे सासरे, हेक्टर लॉरिमर, त्यांचा आवडता किस्सा सांगत होते.

त्यांचे पणजोबा आर्चिबाल्ड जमीनदाराचे कारभारी. मेंढ्यांना कुरण हवं म्हणून त्यांनी अख्खं गाव घरांतून हाकलून उठवलं होतं. एक आजारी म्हातारी खाटेवरून उठेना. आर्चिबाल्डने तिच्याच घरातली दुधाची बादली तिच्या चुलीत ओतून विस्तव विझवला.

"म्हातारी गेली थंडीने," हेक्टर हसले. "पण वाईट वाटतं ते दुधाचं!"

पाहुणेही हसले. असल्या घरात जेवायला मिळतं म्हणून माणसं कशालाही हसतात.

तेवढ्यात...

चर्रर्र.

शेकोटी विझली.

"ओली लाकडं आणलीस, सूनबाई," हेक्टर म्हणाले. "तुझ्या माहेरच्या मॅके लोकांना साधा विस्तव सांभाळता येत नाही."

इशबेलचा नवरा रॅनल्ड बशीतला केक खात राहिला.

तिने कोरडी लाकडं रचली. जाळ धरला.

चर्रर्र...

करपलेल्या दुधाचा वास आला. तिने वाकून पाहिलं. निखाऱ्यांवर पांढरं काहीतरी उतू जात होतं.

मग स्वयंपाकघरातली चूल विझली.

मग वरच्या खोलीतली शेगडी... जिथे तिची तान्ही मार्सली झोपली होती.

इशबेल धावली. पोरीचे ओठ निळे पडले होते. खाटेखाली कुणीतरी खोकत होतं.

खाटेखाली कुणी नव्हतं.

ती पोरीला उचलून खाली आली.

"मामंजी, माफी मागा. आत्ता."

"खोपटातल्या म्हातारीची?" हेक्टर कोटाची बटणं लावत म्हणाले. "लॉरिमर माफी देतात. मागत नाहीत."

तिने रॅनल्डकडे पाहिलं. तो बुटांकडे पाहत होता.

इशबेल बर्फातून निघाली. पहिलं घर दोलीनामावशींचं. त्यांचे पूर्वज त्याच उठवलेल्या गावातले. दार उघडलं. आत छान जाळ पेटला होता.

इशबेलने उंबऱ्यावर पाय ठेवला... आणि जाळ खाली बसला.

मावशींनी शेकोटीकडे पाहिलं. मग पोरीकडे.

"पोरीला आत आण," त्या म्हणाल्या. "आडनाव बाहेर ठेव."

"ठेवलं, मावशी. आजपासून ही मॅके."

जाळ हळूहळू वर आला. मार्सली रडली. इशबेलही.

ती परत गेली नाही. हेक्टर अजून त्या घरात आहेत. टोपी, हातमोजे घालून जेवतात आणि तोच किस्सा सांगतात. रॅनल्ड शेजारी बसून ऐकतो. दोघांना थंडी लखलाभ.

मार्सली आता चार वर्षांची आहे. घर उबदार आहे. सगळं संपलं, असं इशबेलला वाटत होतं.

परवा दोघी बसथांब्यावर उभ्या होत्या. पोर एकदम हसली. मोठ्याने. अगदी हेक्टरसारखी.

"काय गं?"

"ती बघ ना म्हातारी, आई. कशी कुडकुडतेय!"

इशबेलने वळून पाहिलं.

थांब्यावर त्या दोघींशिवाय कुणीच नव्हतं.