भद्रशैलावरची प्रवारणा

आश्विनी पौर्णिमेची पहाट भद्रशैलावर फुटली तेव्हा दरीतले धुके अजून हलले नव्हते. कातळाच्या पोटात कोरलेल्या लेण्यांच्या ओळीवर, चैत्यगृहाच्या पिंपळपानी कमानीवर आणि पावसाने शेवाळलेल्या पायऱ्यांवर कोवळे ऊन नुकते कुठे उतरत होते, आणि त्याच पायऱ्यांनी साठ भालाईत मागे घेऊन या मुलखाचा सरदार, महारठी कपर्दी, वर चढत होता.

दिवस त्याने नेमका निवडला होता. वर्षावासाचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचे आणि ते संपले की या पौर्णिमेला एकमेकांसमोर बसून आपापले दोष विचारून घ्यायचे, हा संघाचा जुना रिवाज. त्याला प्रवारणा म्हणत. बाहेरच्या जगात लोक दुसऱ्याचे दोष न विचारताच सांगतात. इथे ते हात जोडून विचारावे लागत, आणि तेही तीनदा. त्या दिवशी पंचक्रोशीतले उपासक दर्शनाला लोटत, म्हणजे महारठींचा दरारा पाहायला माणसेही आयती जमणार होती.

पाण्याच्या नव्या टाक्याशी उभ्या असलेल्या भिक्खू इसिदत्ताने त्याला पाहिले आणि त्याच्या हातातले गाळणे पाण्यात पडले. सात वर्षांत तो चेहरा फारसा बदलला नव्हता.

कारण इसिदत्त होण्यापूर्वी तो खंदनाग होता, वेणागिरी दुर्गाच्या दिंडीवरचा, म्हणजे तटातल्या लहान दरवाजावरचा, नायक. शत्रूने दुर्गाला तीन महिने वेढा घातला होता. दुर्गपाल रोहण आपल्या वाट्याचे धान्य पोरांना वाटून स्वतः पाण्यावर राहत होता. आणि मदतीला येणारी राजाची सेना, जिचा सेनानी कपर्दी होता, तीन योजने दूर अडकल्याचा निरोप होता. एके पहाटे मात्र कपर्दी स्वतः, घोंगडी पांघरून, दिंडीखाली आला. "सेना आली आहे," तो हळूच म्हणाला. "दिंडी उघड. दुर्गपालाला कळवू नकोस, त्याच्यावर राजाचा संशय आहे. उद्यापासून वेणागिरीचा दुर्गपाल तू."

शेवटचे वाक्य नसते तर खंदनागाने रोहणाला उठवले असते. ही गोष्ट त्याला स्वतःपासून कधीच लपवता आली नाही. त्याने अडसर काढला. आत आली ती शत्रूची सेना. सूर्य वर यायच्या आत तीनशे माणसे कापली गेली, दिंडीवरचे पहारेकरी तर सर्वांत आधी, आणि खंदनाग प्रेतांखाली दबून राहिला म्हणून वाचला. शत्रूशी आतून हातमिळवणी करून कपर्दीने काय मिळवले ते पुढे दिसलेच: तहात वेणागिरी परत आली, तो महारठी झाला, आणि दुर्ग सोन्यासाठी विकला तो रोहणाने, अशी दवंडी राज्यभर फिरली.

संघात घेताना नवागताला विचारतात, "तू राजाच्या सेवेतला सैनिक तर नाहीस?" खंदनाग म्हणाला होता, "नाही, भंते." तेव्हापासून त्याने सहा प्रवारणा पार पाडल्या. सहाही वेळा त्याने आपले दोष विचारले, संघ गप्प राहिला, आणि त्या शांततेत वेणागिरीची माणसे त्याच्या आसपास येऊन बसली. श्वास मोजायला बसला की आठव्या-नवव्या श्वासाला पाठीशी कोणीतरी असे. वळून पाहावे तर कातळ. "सर्व प्राणी सुखी होवोत," असे म्हणताना त्याची जीभ अडखळे.

आणि मेलेल्यांपेक्षा एक जिवंत बाई त्याला अधिक छळत होती. पायथ्याच्या वाडीत रोहणाची विधवा सोमिला राहत होती. फितुराची बायको म्हणून तिला कोणी दारात उभे करीत नसे. संघाने मात्र तिची भिक्षा कधी नाकारली नाही. रोज सकाळी ती पळीभर भात वाढी, त्यातला काही इसिदत्ताच्या पात्रात पडे, आणि भिक्खूने मिळाले ते खायचे असते, म्हणून तो खात असे. त्या घासांनी त्याला जेवढे जाळले तेवढे कुठल्या शापाने जाळले नसते.

ते नवे टाके तिनेच, आपले दागिने मोडून, खोदवून दिले होते. त्यावर पाथरवटाने कोरले होते: 'दुर्गपाल रोहण याच्या पुण्यार्थ, त्याची भार्या उपासिका सोमिला हिचे दान.'

कपर्दीने ती अक्षरे वाचली आणि सोमिलेला समोर आणवले.

"बाई, राजद्रोह्याचे नाव दगडावर मिरवणारा स्वतः राजद्रोही ठरतो. हा घे हातोडा. नाव फोड, आणि सुखाने घरी जा."

"महाराज," सोमिला म्हणाली, "माझ्या धन्याला चिता मिळाली नाही, श्राद्ध मिळालं नाही. एवढं नावच काय ते उरलंय. ते माझ्या हातानं फोडायचं म्हणजे मीच त्यांना मारल्यासारखं होईल. नाही व्हायचं माझ्याच्यानं."

"मग याच डोंगरावरून तुझा कडेलोट होईल."

संघातले सर्वांत ज्येष्ठ, महास्थविर पुनर्वसु, काठी टेकीत पुढे आले. वयाने वाकलेले, पण आवाज खणखणीत. "महारठी, आज संघाची प्रवारणा आहे. ती पुरी होईपर्यंत या डोंगरावर रक्त सांडणार नाही, एवढी मर्यादा आपण पाळाल, अशी संघाची अपेक्षा आहे."

जमलेल्या उपासकांकडे पाहून कपर्दीने मान तुकवली. "पाळीन, भंते. प्रवारणा होऊ द्या. नंतर मात्र माझे काम मला करू द्या."

संघ विहारात बसला. एकेक भिक्खू गुडघे उभे करून उकिडवा बसे, हात जोडी, तीनदा विचारी आणि मागे सरे. इसिदत्ताची पाळी आली.

"भंते, मी संघाला प्रवारणा करतो. माझा दोष कोणी पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा कोणाला शंका आली असेल, तर अनुकंपा करून सांगावा."

कोणी बोलले नाही. त्याने पुन्हा विचारले. भिंतीलगत, भिक्खूंच्या मागे, त्याला वेणागिरीची ती सगळी माणसे बसलेली दिसली. कोणाच्या मांडीवर पोर होते. तिसऱ्यांदा विचारताना त्याला स्वच्छ कळले की याचे उत्तर जिवंतांपैकी कोणी देणार नाही. ज्यांनी पाहिले ते मेले होते. उरला होता तो, आणि बाहेर उभा असलेला तो दुसरा.

"कोणी सांगत नसेल तर मीच सांगतो, भंते," तो म्हणाला आणि सगळे सांगितले. दिंडी, घोंगडी, ते शेवटचे वाक्य, दीक्षेच्या वेळचे खोटे.

पुनर्वसु त्याच्याकडे वळले. "आयुष्मन्, हे तू संघाला सांगितलेस. ज्यांना सांगायचे ते बाहेर आहेत. भिक्खूच्या चीवरात राहशील तर तुला हात लावताना कपर्दी कचरेल."

"म्हणूनच चीवर नको, भंते. त्याच्या आडून बोललो तर ती साक्ष कसली? आणि भिक्खू गृहस्थ स्त्रीपुढे वाकत नाही. मला वाकायचं आहे. मी शिक्षापदे परत करतो. आजपासून मला गृहस्थ समजा."

त्याने खांद्यावरचे वस्त्र, उत्तरासंग, उतरवून घडी घातली आणि नुसत्या कमरेच्या वस्त्रानिशी तो उन्हात आला. थेट सोमिलेपुढे जाऊन त्याने जमिनीला कपाळ टेकले.

"माते, वेणागिरीची दिंडी तुझ्या धन्यानं उघडली नाही. मी उघडली. मी दिंडीवरचा नायक खंदनाग. उघडायला सांगणारा हा उभा आहे, आणि बदल्यात मला दुर्गपालकी हवी होती."

सोमिला एक पाऊल मागे सरली. कपर्दी मात्र त्याच्याकडे टक लावून पाहत होता, आणि सात वर्षे जपलेली जीभ त्याच एका क्षणी घसरली.

"खोटं! दिंडीवरचा नायक सगळ्यांत आधी पडला, मी स्वतः…"

तो थांबला, पण फार उशिरा. त्याच्याच मागे उभा असलेला एक प्रौढ भालाईत पुढे आला. "महारठी, माझा भाऊ त्या दिंडीवर होता. आपण तर त्या दिवशी तीन योजनं दूर होता ना?"

उत्तराऐवजी कपर्दीने त्याच्याच हातातला भाला हिसकला आणि खंदनागाच्या छातीत घातला.

तो टाक्याच्या कडेला कोसळला. सोमिला त्याच्याजवळ बसली, पण तिने त्याला हात लावला नाही. त्याच्या ओठांची हालचाल पाहून ती वाकली. तो क्षमा मागत होता.

"रोज भात वाढला तो भिक्खूला," ती म्हणाली. "खंदनागाला माझ्याकडे काही नाही. शीतसुद्धा नाही."

ते ऐकून त्याने डोळ्यांनीच होकार दिला. आणि तो गेला.

साठ भालाइतांपैकी एकानेही त्यानंतर कपर्दीची आज्ञा ऐकली नाही. त्यांनीच त्याला बांधून राजधानीस नेले. राजाने चौकशी केली, आणि महारठीपद काढून त्याला सीमेपार हाकलले. रोहणाच्या नावाची दवंडी पुन्हा फिरली, यावेळी खरी.

महिनाभराने सोमिलेने संघाला चीवरदान केले. दानाचे पुण्य मृतांना पोचावे म्हणून झारीतून पाण्याची धार सोडीत त्यांची नावे घ्यायची असतात. तिने रोहणाचे नाव घेतले, मग वेणागिरीवरची जेवढी आठवली तेवढी, बायकापोरांसकट, एकेक. नावे संपली, ती थांबली. झारीत पाणी होते.

"आणखी कोणी, उपासिके?" पुनर्वसूंनी विचारले.

तिने झारी पुन्हा तिरपी केली.

"खंदनाग," ती म्हणाली, आणि त्या डोंगरावर सगळ्यांदेखत पहिल्यांदाच हमसाहमशी रडली.